मोड काढून ठेव

परवा बायकोनं फडक्यात बांधून ठेवलेली अर्धा किलो मटकी मी ओला कचरा म्हणून नगरपालिकेच्या घंटागाडीत टाकायला गेलो. सुटीच्या दिवशी आमच्या घरातलं कचऱ्याचं खातं माझ्याकडं असतं. हिरव्या डब्यात ओला, निळ्या डब्यात सुका. ऐकायला सोपं आहे. पण गाळलेला चहाचा चोथा ओला, ज्या कागदात पूड आली तो कागद सुका, आणि त्या कागदात तो चोथा गुंडाळला तर त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. त्या दिवशी ओट्यावर एक ओलं गाठोडं दिसलं, वास जरा आंबूस आला, खाली गाडीचं गाणं वाजायला लागलं, आणि मी ते गाठोडं घेऊन धावलो. गाडीवरच्या बाईंनी ते हातात घेतलं, दाबून बघितलं आणि मला परत दिलं. म्हणाल्या, "काका, फडकं सुक्यात टाका, आतलं वल्ल्यात. असं एकात घेत न्हाय आमी." मी रस्त्यात उभा राहून गाठ सोडतोय तोवर मंदा, म्हणजे माझी बायको, पदर खोचत जिन्यावरून आली. "अहो, मोड आलेत की त्याला! कचरा हाय व्हय तो?" आणि मग त्या बाईंकडं वळून, "यांचं आन् मोडाचं ल्हानपणापासनं वाकडं हाय बघा. भूमला असताना यांनी काय केलं म्हाइतेय का..." गाडी थांबवून तिनं सगळा किस्सा सांगितला. बाई हसल्या, ड्रायव्हर हसला, समोरच्या गॅलरीतले जोशी हसले. मीही हसलो. हा किस्सा मीच तिला सांगितलेला आहे. लग्नात, बारशात, एकदा तर एका दहाव्याच्या पंगतीतसुद्धा मी तो सांगितलाय. मला तो चांगला जमतो. फक्त त्यातली एक गोष्ट मी आजवर कधीच सांगितली नाही, ती इथं लिहायची आहे.

मी अकरा वर्षांचा असेन. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, भूमच्या दूध सोसायटीत होते. पहाटे दुधाच्या गाडीवर बसायचं, गावोगाव थांबून दूध मोजून, तपासून कॅनमध्ये भरायचं आणि दिवस मावळताना परत यायचं, हे त्यांचं काम. दुष्काळ पडल्यावर दूध निम्म्यावर आलं, पण गाडीचा फेरा काही निम्मा झाला नाही. उलट तेवढ्याच दुधासाठी जास्त गावं फिरावी लागायची. अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न आई असतानाच ठरलेलं होतं, ते उरकून ती मुरुमला नांदायला गेली. मुरुम म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. सकाळी एसटीत बसावं तर संध्याकाळी उतरावं. राहिलो आम्ही दोघं.

अक्का जाताना घर मला समजावून देऊन गेली. आता लोक शहाण्यासारखं बोलतात की कचरा वेगळा करायला हल्ली शिकलो. आमच्या त्या दोन खोल्यांत पाच जागा ठरलेल्या होत्या. चुलीतली राख मागच्या डब्यात, भांडी घासायला. भाजीची देठं, साली शेळीच्या घमेल्यात. कागद खुंटीवरच्या पिशवीत. केसांचे गुंतवळ खिडकीच्या कोनाड्यात, कारण केसवाली आली की त्यावर सुया देऊन जायची. आणि खाटेखाली एक पोतं, त्यात मोड, म्हणजे फुटकी-तुटकी भांडी, पत्रा, बिजागऱ्या, कंदिलाची जळालेली बुडं. पाणीसुद्धा वेगळं होतं. तांदळाचं धुवण शेळीला, अंघोळीचं पाणी परातीत धरून दारातल्या लिंबाला. भांडणं व्हायची ती एवढ्याचसाठी की कुठली वस्तू कुठं जाणार. वहीचा कागद रद्दीला ठेवायचा की चूल पेटवायला? सरपण मिळत नव्हतं, त्यामुळं अक्का म्हणायची चूल. दादा म्हणायचे, "लिवलेलं जाळू ने." फुटक्या बाटलीचं बूड दिव्याला ठेवायचं की काचेत द्यायचं? आई असताना अशा भांडणात शेवटचा शब्द तिचा असायचा, आणि तो बहुतेक वेळा "राहू दे, लागंल" असा असायचा. आई गेल्यावर शेवटचा शब्दच राहिला नाही. दोघं बोलून दमायचे आणि ती वस्तू तशीच पडून राहायची.

मग शेळीही गेली. चारा नव्हता म्हणून दादांनी ती मामाकडं नेऊन सोडली, तिकडं विहिरीला थोडं पाणी होतं. त्यानंतरही मी कांद्याच्या साली घमेल्यातच टाकत राहिलो. महिनाभरानं घमेलं भरलं, साली वाळून कागदासारख्या झाल्या आणि वारा आला की घरभर पळायला लागल्या. मी त्या गोळा करून पुन्हा घमेल्यात टाकायचो. काही तरी करायला मिळायचं.

शाळेला सुटी लागलेली. आमच्या गल्लीतली निम्मी घरं खडी फोडायच्या कामावर गेली होती, पोराबाळांसकट. दारांना कुलपं. उरलेल्या घरांत म्हाताऱ्या, आणि त्या दुपारभर झोपायच्या. पहाटे दादा उठायचे, भाकऱ्या थापायचे. त्यांची भाकरी जाड, आणि थापण्याचा आवाज आईसारखा लागोपाठ यायचा नाही. दोन थापट्या, मग थांबणं, मग एक. मी अंथरुणात जागा असायचो आणि तो आवाज मोजायचो. मग दुधाची गाडी चौकात भोंगा वाजवायची, रिकाम्या कॅनचा खणखणाट व्हायचा, आणि दार हळूच ओढून घेतलेलं ऐकू यायचं. मी उठायचो तेव्हा दुरडीत भाकरी, त्यावर शेंगाची चटणी, आणि शेजारी भिंतीला टेकवलेली माझी दगडी पाटी. पाटीवर दादांचं अक्षर. "टँकर आला तर दोन घागरी." "रांजण झाकणे." "उन्हात हिंडू ने." मला उठवून का सांगत नाही असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "तुजी झोपमोड कशाला?" ते तसेच होते. दिवसभर गावोगावच्या लोकांशी दुधावरनं वाद घालून संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा त्यांच्याकडं शब्द शिल्लक नसायचे. अंगाला आंबट दुधाचा वास, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. जेवायचे, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं क्षणभर हात जोडायचे आणि पडायचे. मीही पाटीवर उत्तर लिहायचो. "दोन आणल्या." "झाकले." एका दुपारी मी लिहिलं, "मला करमत नाही." बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. मग थुंकी लावून पुसलं आणि तिथं लिहिलं, "भाकरी खाल्ली."

तर अशा त्या दिवसांत माझ्याशी रीतसर बोलणारा माणूस गल्लीत एकच यायचा, तो म्हणजे कासमचाचा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपार चढायला लागली की लांबून हाक यायची, "मोऽड, भंगाऽर, फुटका शीऽसा!" जुनी सायकल, मागं दोन पोती, दांडीला तराजू आणि गळ्यात सुतळीला बांधलेला एक चुंबक, कुण्या मोटारीच्या भोंग्यातला. पांढरी दाढी, आणि टोपी एवढी जुनी की ती पोत्यात का टाकत नाही असं मला वाटायचं. चाचाकडं द्यायला काही असलं की तो सायकल स्टँडवर लावायचा, ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा. अर्धाच तांब्या प्यायचा, उरलेलं पाणी काळजीनं परत द्यायचा. मग एकेक वस्तू हातात घेऊन माझी परीक्षा. "बोल बाबू, हे काय हाय?"

"लोखंड."

"लाव चुंबक. चिकटलं? न्हाय ना? ये जर्मल हाय राजा. तुला कुनीबी फशिवल."

जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम, बीड म्हणजे ओतीव लोखंड आणि ते कसं ओळखायचं, पितळ आणि तांबं एकाच चुलीवर काळं झालं तर घासून कसं बघायचं, हे मी त्याच्याकडं शिकलो. त्याच्या लेकी सांगलीकडं दिल्या होत्या, त्यांच्या गोष्टी सांगायचा. जाताना मोडीच्या बदल्यात ओंजळभर फुटाणे. फुटाण्यांचं मला विशेष नव्हतं. पण पोत्यातली वस्तू जेवढी विचित्र तेवढा चाचा जास्त वेळ बसतो हे माझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून मी हिशेबानं वागायचो. एकदम सगळं द्यायचं नाही. एका खेपेला बिजागरी, पुढच्या खेपेला कंदिलाचं बूड. तरी पोतं ते, कधीतरी संपणारच. मग मी गल्लीतल्या उकिरड्यावर खिळे वेचले. तेही संपले. दुष्काळात उकिरड्यावरसुद्धा काही मिळत नाही. मग लागोपाठ दोन खेपा असं झालं की चाचानं पायडलवरचा पाय न काढताच विचारलं, "कुछ हाय क्या बाबू? न्हाय? बरं बरं," आणि तो गेला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला पोट होतं, आणि पुढं अख्खा गाव होता. मी ओट्यावर उभा राहून हाक लहान होत जाताना ऐकत राहिलो.

आता त्या कळशीचं सांगतो. आईची पितळी कळशी होती, तिच्या लग्नातली. गळ्याजवळ ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, 'सौ. कौसल्या'. घराघरांत असतात त्यापेक्षा जरा लहान, कारण आई ठेंगणी होती आणि तिच्या वडिलांनी ती तिच्या कमरेला बसेल अशी बघून आणली होती. आई गेली त्याच सुमाराला कळशी बुडाशी गळायला लागली. दादा म्हणायचे, "बाजारात न्हिऊन डाग द्याला पायजे." दर बाजाराला म्हणायचे आणि दर बाजाराला ती कोपऱ्यात पालथी तशीच राहायची. गळक्या कळशीचा टँकरच्या रांगेत काही उपयोग नसतो. पोत्यात टाकलेली नव्हती म्हणून मोड नव्हती, आणि पाणी राहत नव्हतं म्हणून भांडंही नव्हतं. आमच्या पाच जागांपैकी एकीतही ती बसत नव्हती.

आईच्या वर्षाचं पुण्यानुमोदन ठरलं. अक्का येणार होती. आईला मटकीची उसळ आवडायची, म्हणून दादांनी ती यायच्या आदल्या सकाळी मटकी भिजवली, संध्याकाळी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून खुंटीला टांगली. उन्हाळ्याचे दिवस, एका दिवसात मोड लांबतात, आणखी राहिले की कडू होतात, चिकट होतात. सकाळी मी उठलो. दुरडीत भाकरी, भिंतीला पाटी. पाटीवर लिहिलं होतं, "मोड काढून ठेव. अक्का येणार."

माझा किस्सा इथून सुरू होतो. मी सांगतो की पोरगं होतं बावळट, त्याला वाटलं मोड म्हणजे भंगार, आणि त्यानं मटकी टांगलेली ठेवून आईची कळशी भंगारवाल्याला देऊन टाकली. लोक हसतात. हसण्यासारखंच आहे. पण मला काय वाटलं होतं ते सांगतो. मटकी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर टांगलेली होती. फडक्याच्या विणीतून पांढरे मोड बाहेर आलेले मला दिसत होते. दुपार चढायला लागली तेव्हा मी उठून ताट घेतलंसुद्धा होतं, मटकी सोडून पसरायला. तेवढ्यात हाक आली. "मोऽड!"

मी ताट खाली ठेवलं. पाटीकडं बघितलं. तोच शब्द पाटीवर होता. तो शब्द तिथं नसता तर मी ते केलं नसतं असं मला अजून वाटतं. पण वाटण्यावर माझा फार भरवसा नाही. मी कोपऱ्यातली कळशी उचलली आणि ओट्यावर जाऊन उभा राहिलो, ती दिसेल अशी धरून.

चाचाचा पाय पायडलवरून निघाला. सायकल स्टँडवर लागली. त्यानं कळशी हातात घेतली, बोटानं वाजवली, नाव बघितलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, नुसतं बोट फिरवलं त्या ठिपक्यांवरून.

"ये नाम किसका?"

"जुनं हाय," मी म्हणालो.

"बापाला इचारलं का? बाबू, घरची चीज हाय ही."

"दादांनीच सांगितलंय. लिहून ठेवलंय." मी आत जाऊन पाटी आणली आणि त्याच्यापुढं धरून अक्षराखाली बोट ठेवत वाचून दाखवलं, "मोड काढून ठेव." एकही शब्द खोटा वाचला नाही. पुढचे दोन तेवढे गाळले.

"लिखा हाय तो ठीक," चाचा म्हणाला आणि बसला. मी पाणी दिलं. त्या दिवशी तो किती बसला! धाकटीला मुलगा झाला होता, त्याचं नाव काय ठेवावं हे त्यानं मला विचारलं. मी दोन-तीन नावं सुचवली, त्यातल्या एकावर तो विचार करतो म्हणाला. चुंबक माझ्या गळ्यात घालून मला सायकलच्या दांडीवर बसू दिलं. फुटाणे ओंजळीऐवजी टोपीभर दिले. इतकं बोललो मी त्या दुपारी की माझा आवाज मलाच नवा वाटला. मग तो उठला, कळशी ओट्याखालच्या दगडावर आडवी ठेवली, तराजूतलं मोठं वजन हातात घेतलं आणि पोत्यात मावावी म्हणून ती चेपली. तीन घाव. पहिल्या घावाला कळशीतून भरल्यासारखा आवाज आला, हौदात ओरडल्यासारखा. दुसऱ्याला फुटका. तिसऱ्याला नुसता पत्र्याचा.

चाचा गेल्यावर मी फुटाणे घेऊन दारात बसलो. मटकीची आठवण पार उन्हं कलल्यावर झाली. फडकं सोडलं तर आत चिकट गोळा झाला होता.

दिवेलागणीला दादा अक्काला स्टँडवरून घेऊन आले. अक्कानं पिशवी ठेवली, खुंटीकडं बघितलं. "मटकी कुठंय रे?" दादांची नजर मात्र आधी कोपऱ्यात गेली. मी काही बोलायच्या आत पाटी पुढं केली. "तुमीच लिवलं होतं, मोड काढून ठेव. मला वाटलं मोड म्हंजे मोड. चाचा आला, म्या दिली." अक्काला समजायला क्षणभर लागला, आणि मग ती हसायला लागली. हसत खाली बसली, पदर तोंडात कोंबला, तरी हसू थांबेना, आणि ते कुठं रडणं झालं हे तिलाही कळलं नसावं. दादा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली, वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि तळव्यानं पाटी पुसली.

दुसऱ्या दिवशी बाजारात ते चाचाला भेटले. माल बार्शीच्या गाडीत गेला होता. चाचानं म्हणे कानाला हात लावले. त्यानंतर तो आमच्या गल्लीत हाक देईनासा झाला. दोन्ही टोकांना हाक ऐकू यायची, मधली आमची गल्ली तो सायकल हातात धरून गुपचूप चालत ओलांडायचा. मी दारात असलो तरी वर बघायचा नाही. ज्याच्यासाठी कळशी दिली ते असं गेलं.

आणि दादांनी पाटीवर लिहिणं बंद केलं. पाटी त्यांनी रांजणावर झाकण म्हणून ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे मला गदागदा हलवलं. "ऊठ." चुलीपुढं बसवलं आणि भाकरी थापत थापत सांगायला सुरुवात केली. कुठल्या वस्तीवर कुणाची म्हैस आटली, कोण दुधात पाणी घालून शपथा घेतो, कालच्या दुधाला फॅट किती लागली, गाडीचं टायर कुठं बसलं. मी डुलक्या घेत 'हं हं' करायचो. डोळा लागला की हातातली पिठाची बोटं माझ्या गालाला लावायचे. पावसाळा आला, दूध वाढलं, शाळा सुरू झाली, तरी ते काही सुटलं नाही. मी भूम सोडून धाराशिवला कॉलेजला येईपर्यंत रोज पहाटे. किस्स्याचा शेवट मी यावरच करतो. म्हणतो, "भंगारातली मोड गेली, मटकीचे मोड गेले, राहिली ती झोपमोड, ती म्हाताऱ्यानं शिक्षा म्हणून जन्मभर माझ्या वाट्याला दिली." यावर हमखास टाळ्या पडतात.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यापुढंही मी हा किस्सा कितीदा तरी सांगितला. ते सुपारी कातरत खाली बघत ऐकायचे.

हे एवढं लिहून झाल्यावर मी मंदाला वाचून दाखवलं. ती ओट्यापाशी पुन्हा भिजवायच्या मटकीतले खडे निवडत होती. मी ताट खाली ठेवल्याचं वाचलं तेव्हा तिचा हात थांबला नाही, हे मला खटकलं. शेवटी मीच म्हणालो, "आता कळलं ना? मला मोड म्हणजे काय ते ठाऊक होतं."

"मला म्हाईतच होतं," ती म्हणाली. "मामंजींनी सांगितलं होतं, मी नवी आले तवाच. म्हणले, मोड म्हंजे काय ते माज्या पोराला चांगलं कळत होतं. ताट खाली काढून ठिवलं होतं त्यानं, खुंटीच्या बरोबर खाली."

मी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणालो, "मग ते मला कधी बोलले कसे नाहीत?"

"बोलले की," मंदा म्हणाली. "रोज पहाटं उठवून दुसरं काय करत होते?"